वायडिंगरचा मध्यम

२८ मार्च १८०० रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये अँटोन वायडिंगर हा ट्रम्पेटवादक एक नवं वाद्य घेऊन उभा राहिला. वाद्यवृंदासोबत तो वाजवणार होता तो कंचेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) रचनाकार योझेफ हायडनने खास त्याच्यासाठी लिहिलेला होता, पण लिहून चार वर्षं झाली होती. जाहिरातीत म्हटलं होतं की सात वर्षांच्या कष्टांनंतर आणि खर्चानंतर हे वाद्य पूर्णत्वाला गेलं आहे. वाद्याच्या नळीला भोकं होती आणि भोकांवर चाव्या.

पुढच्या चाळीसएक वर्षांत हे वाद्य जवळजवळ नाहीसं झालं. कंचेर्टो मात्र आज ट्रम्पेट शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. वाद्य मेलं आणि त्याच्यासाठी लिहिलेलं संगीत जगलं, असं का झालं? या एका प्रकरणाचा नीट माग काढला की ट्रम्पेटच्या सगळ्या भावंडांची ओळख आपोआप होते, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

नळीला कोणते स्वर येतात

पितळी वाद्य म्हणजे पितळेचं वाद्य नव्हे. सॅक्सोफोन पितळेचा असतो, पण आत बोरूची पट्टी थरथरते, म्हणून तो या कुळातला नाही. उलट जुना कॉर्नेटो लाकडाचा, वर चामडं गुंडाळलेला, तरी तो याच कुळातला, कारण तिथे वादकाचे ओठ थरथरतात. ओठांनी नळीतली हवा डोलवायची, हे या कुळाचं एकमेव लक्षण. ओठ कितीही कसबी असोत, ठरावीक लांबीची नळी त्यांना ठरावीकच स्वर देते.

ते स्वर आपल्या भाषेत सांगतो. सगळ्यात खालचा स्वर खर्जाचा सा धरा. ओठ आवळत गेलं की क्रमाने मिळतात: दुसरा सा, तिसरा प, चौथा सा, पाचवा ग, सहावा प, सातवा एक बेसूर कोमल नी (पियानोच्या कोमल निषादापेक्षा अर्धस्वराच्या साधारण एक-तृतीयांशाने उतरलेला), आठवा सा. इथून पुढे सलग सप्तक सुरू होतं: नववा रे, दहावा ग, अकरावा म, बारावा प, तेरावा ध, चौदावा पुन्हा तोच उतरलेला नी, पंधरावा शुद्ध नी, सोळावा सा.

यादी ऐकायला बरी वाटते. पण अकरावा स्वर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या जवळजवळ बरोबर मधोमध पडतो, धड हा नाही आणि तोही नाही. तेरावा कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये लोंबकळतो. शिवाय हे सलग सप्तक फार उंचावर आहे. चौथ्या ते आठव्या स्वराच्या, म्हणजे माणूस आरामात गाईल अशा मधल्या सप्तकात रे नाही, म नाही, ध नाही, शुद्ध नीही नाही. तिथे फक्त सा, ग, प आणि तो रुसलेला कोमल नी. म्हणून तुतारी, बिगुल, शिंग यांच्यावर जगात कुठेही ललकारी ऐका, सा-ग-प हाच सांगाडा कानावर येतो. त्यामागे संस्कृतीपेक्षा नळीच जास्त आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ट्रम्पेटवादकांनी या अडचणीवर राहण्याची जागा बदलून तोड काढली होती: वरच्या सप्तकात जाऊन राहायचं. जर्मन रचनाकार बाखने १७२१ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्राफला, म्हणजे तिथल्या सरदाराला, अर्पण केलेल्या सहा कंचेर्टोंपैकी दुसऱ्यातला ट्रम्पेट तिथे तासन्‌तास राहिल्यासारखा वाटतो. अकरावा आणि तेरावा स्वर हे वादक ओठांनी खेचून जागेवर आणत. पण त्यासाठी आयुष्यभराची तालीम लागे, आणि शतकाच्या उत्तरार्धात संगीताची चालच बदलली. वाद्यवृंदात ट्रम्पेटचं काम नगाऱ्यांसोबत दोन-चार स्वरांचा ठोका देणं एवढंच उरलं. कसबाला गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर कसबही ओसरलं. वायडिंगर, जन्म १७६६, या उताराच्या काळात वाढला.

आधीचे उपाय

स्वर कमी पडतात ही तक्रार जुनीच. सगळ्यात सोपा उपाय क्रूकचा: नळीला जादा वेटोळं जोडायचं, की सगळी मालिकाच खाली सरकते. पण रागाच्या मध्यावर तंबोरा नव्याने लावण्यासारखंच ते, दोन तुकड्यांच्या मधे जमेल, तानेच्या मधे नाही.

हॉर्नवाल्यांनी वेगळी वाट धरली. ड्रेस्डेनमधल्या अँटोन योझेफ हाम्पेलचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे: बेलमध्ये, म्हणजे नळीच्या टोकाच्या उमललेल्या तोंडात, हात घालायचा आणि तो कमी-अधिक दाबून स्वर वर-खाली करायचा. हॉर्नची नळी लांब आणि बेल रुंद, हात आत मावतो, आणि दबलेला घुसमटलेला आवाज हॉर्नच्या स्वभावाला शोभतोही. ट्रम्पेटवरही हे करून पाहिलं गेलं. हात बेलपर्यंत पोचावा म्हणून ट्रम्पेट अर्धवर्तुळात वाकवलेसुद्धा. पण ट्रम्पेटचा घुसमटलेला स्वर ऐकून कोणी खूश झालं नसावं असं मला वाटतं.

खरं तर उत्तम उत्तर पंधराव्या शतकापासून समोर होतं: ट्रोम्बोन. त्याची दुहेरी सरकनळी सात जागांवर थांबते आणि प्रत्येक जागा अर्ध्या स्वराचा फरक करते. नळीची खरी लांबीच बदलते, त्यामुळे प्रत्येक स्वर बेलमधूनच आणि सारख्याच तेजाने निघतो. इंग्लंडमध्ये सरकनळीचा ट्रम्पेट एकोणिसाव्या शतकात बराच काळ टिकला, स्प्रिंगने मागे येणारी आखूड सरकनळी असलेला. उरलेल्या युरोपने तो फारसा मनावर घेतला नाही. जलद सुरावटीत हात पुढे-मागे पळवणं ट्रोम्बोनला खपून जातं, ट्रम्पेटच्या चपळपणाला ते ओझंच.

चाव्या

वायडिंगरने बासरी-क्लॅरिनेटच्या घराण्यातून उपाय उसना आणला. नळीला भोकं पाडा, त्यांवर गादीची झाकणं बसवा आणि एकाच हाताच्या बोटांनी ती उघडा. कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती, तसे प्रयत्न आधीही झाले होते. पण त्यातून मैफिलीत उभं राहील असं वाद्य आणि वाजवणं घडवलं ते त्याने.

हिशोब बघा. सगळी भोकं बंद असताना तो साधा ट्रम्पेट. बेलजवळचं पहिलं भोक उघडलं की नळी आखूड झाल्यासारखी होते आणि सगळी मालिका अर्धा स्वर चढते. पुढचं उघडलं की आणखी अर्धा. तिसऱ्या स्वरापासून (प) चौथ्यापर्यंत (सा) मधे चार स्वर रिकामे, म्हणजे चार चाव्यांत काम भागतं. अशी वाद्यं चार ते सहा चाव्यांची बनत, पाच चाव्यांची जास्त. प पासून वर आता एकही रिकामी जागा उरली नाही. मध्यमसुद्धा मिळाला.

हायडनने काय केलं

१७९६ मध्ये हायडन चौसष्ट वर्षांचा होता आणि कीर्तीच्या शिखरावर होता. हा त्याचा शेवटचा कंचेर्टो. ई-फ्लॅटमधला, म्हणजे वायडिंगरच्या ट्रम्पेटचा सा हाच रचनेचा सा.

सुरुवातीला वाद्यवृंद एकटाच बराच वेळ वाजवतो. मधेच एकल वादक एखादा स्वर धरतो, मग छोटीशी ललकारी देतो. हे सगळं कुठल्याही साध्या ट्रम्पेटवर निघालं असतं. नवं वाद्य म्हणून गाजावाजा केला आणि निघाली तीच जुनी तुतारी, असं श्रोत्यांना क्षणभर वाटावं अशीच ही रचना. हायडनच्या खोड्या ओळखणाऱ्या माणसाला हा योगायोग वाटणार नाही. त्यानंतर ट्रम्पेट खरा सुरू होतो, सलग सुरावटीत चढतो-उतरतो, आणि पुढे तर अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकतोही.

माझ्या मते पैज दुसऱ्या भागात आहे. हा संथ भाग ए-फ्लॅटमध्ये आहे. ई-फ्लॅटला सा म्हटलं तर ए-फ्लॅट हा शुद्ध मध्यम. म्हणजे हायडनने मध्यमाला षड्ज केलं! साध्या ट्रम्पेटवर जो स्वर वरच्या सप्तकात बेसूर आणि मधल्या सप्तकात मुळी नाहीच, तोच त्याने घराचा उंबरा केला आणि तिथून अंगाईसारखी शांत चाल सुरू केली. पुढे ती चाल थेट सी-फ्लॅट मेजरमध्ये जाऊन येते, म्हणजे मूळ सा च्या कोमल धैवतावर नवं घर मांडते. जुन्या वाद्याच्या दुखऱ्या जागांवर बोट ठेवत गेल्यासारखा हा प्रवास आहे.

हा योगायोग नाही असं मी म्हणतो त्याला दुसराही आधार आहे. १८०३ मध्ये रचनाकार हुमेलने वायडिंगरसाठी कंचेर्टो लिहिला आणि तो १ जानेवारी १८०४ रोजी एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या दरबारात वाजला. तो ई मेजरमध्ये, आणि त्याचा संथ भाग ए मायनरमध्ये. पुन्हा मध्यम! एकमेकांना ओळखणाऱ्या दोन रचनाकारांनी नवं वाद्य पारखायला तीच जागा निवडली.

हायडनने आणखी एक शहाणपणा केला. ट्रम्पेटला ओरडायला न लावता त्याने बहुतेक ठिकाणी गायला लावलं. तो शहाणपणा का होता, ते पुढे येतं.

मग अडलं कुठे

स्वर सगळे मिळाले, तरी वाद्य टिकलं नाही. दोष आवाजात होता, आणि त्याचं मूळ बेलमध्ये आहे.

ट्रम्पेटची बेल शोभेसाठी किंवा फक्त आवाज मोठा करण्यासाठी नसते. नुसती एकसारख्या जाडीची नळी तोंडाला लावली तर सा-सा-प-सा ही मालिकाही नीट लागत नाही, ती जागेवर येते बेल आणि माउथपीस (ओठ टेकवायचा भाग) यांच्या आकारामुळे. शिवाय आवाजातला लखलखाट, म्हणजे वरच्या कंपनांचा भाग, खोलीत फेकण्याचं काम बेलच करते. आता नळीच्या वाटेवर एक भोक उघडा. ध्वनीचा मोठा हिस्सा तिथूनच बाहेर पडतो, बेलपर्यंत पोचतच नाही. बंद नळीचा स्वर लखलखीत आणि उघड्या भोकाचा स्वर मऊ, झाकल्यासारखा, ओबो किंवा क्लॅरिनेटच्या जवळ जाणारा. एकच सुरावट, पण काही स्वर दिवाणखान्यात उभं राहून म्हटलेले आणि काही माजघरातून. जितक्या जोरात वाजवाल तितकी ही तफावत उघडी पडते. हळू वाजवलं तर लखलखीत स्वरही मवाळ होतात आणि सांधा झाकला जातो. हायडनची ती गाणारी चाल वाद्याची मर्यादा ओळखून बेतलेली आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

ट्रम्पेट ठेवायचा तो त्याच्या तेजासाठी. सगळे स्वर देणारा पण त्यातले निम्मे निस्तेज देणारा ट्रम्पेट कोणाला हवा? मऊ आवाजच हवा असेल तर क्लॅरिनेट शेजारीच बसलेला असतो. काही लष्करी बँडमध्ये चाव्यांचा ट्रम्पेट काही काळ रमला, मोठ्या वाद्यवृंदांनी मात्र त्याला घर दिलं नाही.

उपायच चुकीचा होता, असा निष्कर्ष इथे काढला तर तो फसेल. १८१० मध्ये डब्लिनच्या जोसेफ हॅलिडेने याच चाव्या बिगुलाला लावून पेटंट घेतलं आणि तो चावीचा बिगुल चांगलाच चालला. १८१७ च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याचा थोरला भाऊ ऑफिक्लाइड जन्मला आणि फ्रेंच रचनाकार बर्लिओझच्या १८३० च्या सिम्फनी फँटास्टिकमध्ये तो आहे. तीच युक्ती इथे जमली आणि तिथे फसली, याचं कारण नळीचा आकार. ट्रम्पेटची नळी अरुंद आणि बरीचशी एकसारख्या जाडीची, शेवटी एकदम उमलणारी. बिगुलाची नळी शंकूसारखी, सुरुवातीपासूनच रुंदावत जाणारी. तिला मोठाली भोकं पाडता येतात आणि रुंद नळीवरचं मोठं भोक म्हणजे जवळपास एक छोटी बेलच. शिवाय बिगुलाचा मूळ आवाजच गोल आणि मऊ, त्यामुळे गमवायला लखलखाट मुळात कमी.

ट्रम्पेट आणि त्याची भावंडं ओळखताना आकार किंवा लांबी बघू नये, नळी कुठून कशी रुंदावते ते बघावं. बी-फ्लॅट ट्रम्पेट, कॉर्नेट आणि फ्लुगेलहॉर्न या तिन्हींची नळी सारख्याच लांबीची, साधारण १.४८ मीटर. तिन्हींवर बोटंही तीच पडतात. पण ट्रम्पेट बराचसा सरळ, कॉर्नेट मधला, आणि फ्लुगेलहॉर्न जवळपास सगळा शंकू. आवाजही त्याच क्रमाने धारदार, मवाळ होत जाणारा आणि मखमली. खालच्या पट्टीत ट्रोम्बोन आणि युफोनियमचं नातं अगदी असंच, लांबी तीच आणि स्वभाव वेगळा.

व्हॉल्व्ह

वायडिंगर ज्याच्याशी झुंजत होता तो प्रश्न १८१४ च्या सुमारास प्रशियात दुसऱ्या टोकाने सुटायला लागला. हाइनरिश श्टॉल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्हची युक्ती काढली आणि १८१८ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. व्हॉल्व्ह म्हणजे बोटाने दाबायचा क्रूक: दाबला की हवा जादा वेटोळ्यातून फिरून येते, सोडला की सरळ जाते. चावी नळी तोडते, व्हॉल्व्ह नळी वाढवतो. वाढवलेली नळीसुद्धा शेवटी बेलमध्येच उघडते, त्यामुळे तेज शाबूत राहतं. पुढे व्हिएन्नात १८३५ मध्ये योझेफ रीडलचा फिरता व्हॉल्व्ह आला आणि १८३९ मध्ये पॅरिसच्या फ्रान्स्वा पेरिनेचा पिस्टन. आज जर्मन-ऑस्ट्रियन वाद्यवृंदांत पहिला आणि बहुतेक जगात दुसरा दिसतो.

व्हॉल्व्ह तीनच का? मालिकेतल्या दुसऱ्या (सा) आणि तिसऱ्या (प) स्वरांच्या मधे सहा जागा रिकाम्या असतात. एक व्हॉल्व्ह अर्धा स्वर उतरवणारा, एक पूर्ण, एक दीड. तिघांच्या बेरजा करत गेलं की एक ते सहा अर्धस्वर नेमके भरतात, ट्रोम्बोनच्या सात जागांसारखेच.

पण इथेही फुकट काही मिळत नाही. हे तीन व्हॉल्व्ह नळीत अनुक्रमे सुमारे ६, १२ आणि १९ टक्के भर घालतात. पूर्ण आणि दीड स्वरांचे दोन्ही एकत्र दाबले तर भर होते ३१ टक्के, प्रत्यक्षात पाच अर्धस्वर उतरायला हवी साडेतेहेतीस. म्हणजे स्वर चढा लागतो. तिन्ही दाबल्यावर हवी ४१, मिळते ३७. म्हणून ट्रम्पेटच्या तिसऱ्या व्हॉल्व्हच्या वेटोळ्याला एक कडी असते, त्या स्वरांपुरतं ते डाव्या हाताच्या बोटाने पुढे सरकवायचं. थोडक्यात, हाकललेली सरकनळी मागच्या दाराने परत आली.

रचनाकारांनीही व्हॉल्व्हचा ट्रम्पेट लगेच मनावर घेतला नाही. बर्लिओझच्या त्याच सिम्फनीत ट्रम्पेट दोन आणि व्हॉल्व्हवाले कॉर्नेट दोन, वेगवेगळे आहेत: ललकारी एकाला, चाल दुसऱ्याला. वायडिंगर मात्र १८५२ पर्यंत जगला. आपल्या चाव्या अडगळीत जाताना त्याने बघितल्या.

आज हा कंचेर्टो कशावर वाजवायचा

हायडनचा कंचेर्टो छापलाच गेला नव्हता. हस्तलिखित व्हिएन्नाच्या संगीतमित्र मंडळाच्या संग्रहात राहिलं आणि पहिली छापील आवृत्ती १९२९ मध्ये आली. तोवर जगभर व्हॉल्व्ह रुळले होते, त्यामुळे संगीत परत आलं ते भलत्याच वाद्यावर.

आज पुष्कळ वादक तो व्हॉल्व्हच्या ई-फ्लॅट ट्रम्पेटवर वाजवतात. नाव एकच असलं तरी याची नळी वायडिंगरच्या नळीच्या निम्मी, सव्वा मीटरहूनही कमी. जिथे वायडिंगर मालिकेचा आठवा स्वर पकडायचा तिथे याचा चौथाच असतो. शेजारचे स्वर दूर-दूर असल्यामुळे चुकून भलत्या स्वरावर पडण्याची भीती कमी. बी-फ्लॅटवर वाजवला तर आवाज जरा भरदार, पण तोल सांभाळणं कठीण. हुमेलचा कंचेर्टो तर अनेकदा ई मधून ई-फ्लॅटमध्ये उतरवूनच वाजवला जातो, कारण बी-फ्लॅट ट्रम्पेटवर ई मेजर म्हणजे सहा शार्पांची (चढवलेल्या स्वरांची) अवघड पट्टी. पिकोलो ट्रम्पेट या कंचेर्टोच्या वाटेला सहसा येत नाही. बी-फ्लॅटच्याही निम्म्या नळीचा तो चिमुकला, बाखच्या काळातल्या उंच सप्तकासाठी राखलेला.

व्हॉल्व्हवर वाजवलं की सगळे स्वर सारखे चमकतात, आणि तिथेच काहीतरी निसटतं असं मला नेहमी वाटतं. राइनहोल्ड फ्रीडरिशसारख्या वादकांनी चाव्यांच्या ट्रम्पेटच्या प्रतिकृतींवर केलेली ध्वनिमुद्रणं ऐकली की संथ भागातली चाल मधेच सावलीत जाते आणि परत उन्हात येते. हायडनच्या कानात तीच ऊन-सावली होती. व्हॉल्व्हवर ती सावली मुद्दाम करावी लागते आणि बहुतेक जण करत नाहीत. पहिल्या भागातली ती खोडीही मग विझते, कारण व्हॉल्व्हवाल्या ट्रम्पेटकडून सगळेच स्वर येणार हे श्रोत्याला आधीच ठाऊक असतं.

भोकं मात्र ट्रम्पेटवर परत आली आहेत, वेगळ्या दारातून. १९६० च्या सुमारास जर्मनीत बाखसाठी जुन्या धाटणीचे ट्रम्पेट पुन्हा बनू लागले तेव्हा त्यांच्या नळीला बारीक भोकं ठेवली गेली. त्यांच्यावर ना चाव्या ना गाद्या, नुसती बोटं. त्यातलं अंगठ्याचं भोक उघडलं की सगळी मालिका सा ते म एवढ्या अंतराने वर सरकते. मग जिथे तो अधांतरी अकरावा स्वर होता तिथे नव्या मालिकेचा आठवा येतो, आणि तेराव्याच्या जागी दहावा. बेसूर मध्यम सा होऊन लागतो, बेसूर धैवत ग होऊन.